१९५१ची बीएसए बी३१ : हेडलाइट शोधतोय, सुरुवात कुठून करू?

रानवारा:
मंडळी, मदत हवी आहे.

काकांची १९५१ची बीएसए बी३१ मोटरसायकल आता माझ्याकडे आली आहे. इंजिन ठणठणीत, गिअर पडतात, ब्रेक त्या वयाला शोभतील इतपत लागतात. घोडं अडलंय ते हेडलाइटपाशी. मधल्या काळात कुणीतरी मूळ दिवा उतरवून एका नव्या गाडीचा प्लास्टिकचा दिवा पट्ट्या वाकवून बसवला आहे. दिसतोही वाईट आणि उजेडही पिवळट, थरथरता.

सुदैवाने मूळ पत्र्याचा डूम (दिव्याचं घुमटासारखं कवच) माळ्यावर सापडला. त्यात ॲमीटर (बॅटरीत वीज येतेय की जातेय ते दाखवणारा काटा) आहे, दिव्याचा स्विच आहे, डाव्या बाजूला दोन पोचे आहेत. रिंग, काच, रिफ्लेक्टर आणि होल्डर मात्र गायब.

ऑनलाइन शोधलं तर जो तो "सात इंच, सगळ्या जुन्या गाड्यांना बसतो" म्हणतोय. अख्खा हेडलाइट घ्यावा की सुटे भाग जमवावेत? मूळ पद्धतीचा बल्ब ठेवावा की हॅलोजन/एलईडी? गाडी शोभेला ठेवायची नाही, रात्री चालवायची आहे.

पेट्रोलदास:
फोटो?

पेट्रोलदास:
फोटोशिवाय धागा फाऊल धरला जाईल.

तारकाका:
रानवारा, मूळ डूम हातात आहे म्हणजे अर्धी लढाई तुम्ही जिंकलेली आहे. अख्खा दिवा अजिबात घेऊ नका. नव्याने बनवलेल्या डूमला ॲमीटरचं आणि स्विचचं भोक कधी चुकीच्या जागी असतं, कधी नसतंच, आणि पत्रा इतका पातळ की खडबडीत रस्त्यावर कानांपाशी (डूम फोर्कला धरणाऱ्या पट्ट्यांपाशी) तडा जातो. पोचे काढता येतात. आतून लाकडी ठोकळा लावून बाहेरून हलक्या हाताने ठोकायचं, घाई करायची नाही.

आता मापाचं. "सात इंच" हे माप काच आणि रिफ्लेक्टर मिळून जो तबकडीसारखा भाग असतो त्याचं आहे, साधारण १७८ मिलिमीटर. रिंग त्याच्यावरून येते म्हणून तिचा बाहेरचा व्यास बराच जास्त भरतो. आणि डूमचं तोंड मोजाल तर तिसराच आकडा येईल. विकणारा यातला कुठलाही आकडा "साइज" म्हणून सांगतो, तिथेच सगळा घोळ होतो. तुम्ही डूमच्या तोंडाचा आतला आणि बाहेरचा, दोन्ही व्यास घ्या. तेही उभे आणि आडवे वेगवेगळे, कारण पोचलेला डूम गोल राहिलेला नसतो.

त्या काळात सात इंचाखेरीज दुसऱ्या मापांचेही दिवे होते. तेव्हा मोजल्याशिवाय काहीही मागवू नका.

गंजलेला_नट:
तारकाकांशी सहमत. माझी भर :

एक, पुठ्ठ्याची गोल चकती कापून डूमच्या तोंडात बरोबर बसेल अशी करा. जुन्या सामानाच्या बाजारात जाताना तीच खिशात. पट्टी घेऊन मोजत बसण्यापेक्षा चकती लावून बघणं सोपं.

दोन, विकणाऱ्याकडून फोटो मागताना वस्तूवर पट्टी आडवी ठेवून मागा. समोरून आणि मागून. मागून दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्या रिफ्लेक्टरला मागे गंजून भोक पडलेलं असतं, हे लिहून ठेवा.

तीन, गाडीच्या नावाने शोधू नका, दिव्याच्या नावाने शोधा. बीएसएने दिवे स्वतः बनवले नाहीत, ते लुकास या विजेचं सामान बनवणाऱ्या इंग्रज कंपनीचे आहेत. तोच दिवा दुसऱ्या कुठल्या तरी मोटरसायकललाही बसलेला असतो. डूमवर कुठे नंबर ठोकलाय का बघा. लुकासच्या बऱ्याच भागांवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असे. "५ ५१" दिसलं तर मे १९५१.

रानवारा:
@पेट्रोलदास, फोटो संध्याकाळी टाकतो. @गंजलेला_नट, चकतीची युक्ती भारी आहे.

मूळमालक:
रिंग आणि काच लुकासचीच शोधा. पाहिजे तर वर्षभर थांबा. नव्याने बनवलेल्या काचांवरच्या उभ्या रेघांची नक्षीच वेगळी असते, आणि कित्येक काचा आता सपाट येतात, जुन्यांना बाक असायचा. गाडी लांबून बघितली तरी डोळ्याला खटकतं. एवढी जुनी गाडी आणि तिच्या तोंडावर परवाची काच, हे मला तरी बघवत नाही.

निशाचर:
वर्षभर थांबायचं आणि तोवर काय, मेणबत्ती? धागाकर्त्याने स्पष्ट लिहिलंय की रात्री चालवायची आहे. सरळ सात इंचाचा एच४ (मोटारींतला हॅलोजन बल्बचा प्रकार) बसणारा रिफ्लेक्टर घ्या, ६०/५५ वॅटचा हॅलोजन टाका, मोकळे व्हा. सात इंची गोल दिवा जुन्या लँड रोव्हरला होता, मिनीला होता, जीपला होता. जगातला सगळ्यात सहज मिळणारा हेडलाइट आहे हा!

सौदामिनी:
निशाचर, मिळेल सहज, पण त्याला वीज कोण देणार?

त्या गाडीला लुकासचा डायनॅमो (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) आहे. ई३एल असेल तर कमाल ६० वॅट, तेही इंजिन चांगल्या वेगात फिरत असताना. आधीचा ई३एच असेल तर ४०च्या आसपास. एकटा ६० वॅटचा बल्ब सगळं खाऊन टाकेल, मागच्या दिव्याचं आणि हॉर्नचं ओझं बॅटरीवर. रात्री तासभर चालवलीत की बॅटरी आडवी.

दुसरं, ६ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे १० अँपिअर. हा सगळा प्रवाह त्या सत्तर वर्षांच्या स्विचच्या पितळी पातीतून जाणार. रानवारा, ॲमीटरवर काय छापलंय? ८-०-८ असेल, म्हणजे दोन्ही बाजूंना ८ अँपिअरच, तर उत्तर तिथेच आहे.

लुकासचा या जातीचा मूळ बल्ब ६ व्होल्ट, ३०/२४ वॅटचा. त्यात मागच्या दिव्याचे पाचसहा वॅट धरले तरी डायनॅमो आरामात पुरतो. बनवणाऱ्यांनी हिशेब करूनच ठेवलं होतं.

निशाचर:
३० वॅटच्या उजेडात बैल दिसायच्या आधी त्याला धडकून झालेलं असतं. अनुभवाचे बोल.

पेट्रोलदास:
बैलाला रिफ्लेक्टर लावा.

सौदामिनी:
३० वॅट कमी आहेत हे खरंच. पण बहुतेक जुन्या गाड्यांत बल्बपर्यंत ते ३० वॅटसुद्धा पोचत नाहीत, आणि लोक दोष बल्बला देतात.

साध्या बल्बचं गणित क्रूर असतं. व्होल्टेज १० टक्के घसरलं की उजेड साधारण ३० टक्के घटतो. ६ व्होल्टच्या गाडीत १० टक्के म्हणजे ०.६ व्होल्ट. गंजलेला एक लग (वायरीच्या टोकाची धातूची पट्टी), सैल होल्डर आणि खराब अर्थ (फ्रेममधून बॅटरीकडे परत जाणारी जोडणी), एवढ्यात ०.६ सहज जातं. १२ व्होल्टच्या गाडीला तेवढ्याच ०.६ची घट निम्मी लागते. सहा व्होल्टवाल्यांना मंद दिव्याचा शाप आहे असं म्हणतात तो हा.

मीटर घ्या. दिवा चालू ठेवून बॅटरीच्या लाइव्ह टोकापासून बल्बच्या लाइव्ह टोकापर्यंत किती व्होल्ट दिसतात ते मोजा. मग बल्बच्या बाहेरच्या पितळापासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत. दोन्ही मिळून ०.३च्या वर गेलं तर आधी वायरिंग नीट करा, खरेदी नंतर.

गंजलेला_नट:
अर्थबद्दल +१००. या गाड्यांत हेडलाइटचा अर्थ कुठून जातो माहीत आहे का? डूममधून कानांत, कानांतून फोर्कमध्ये, आणि फोर्कमधून स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या गोळ्यांतून फ्रेमला. म्हणजे ग्रीसमधून! वर कुणी हौसेने कानांना पावडर कोटिंग केलेलं असलं की संपलंच. डूमच्या आतून फ्रेमपर्यंत वेगळी वायर टाका. दिवा थरथरण्याचं कारण बहुधा तेच निघेल.

उचापती:
लुकासवाल्यांना इंग्रज "अंधाराचा राजपुत्र" म्हणतात ते उगीच नाही. :)

तारकाका:
उचापती, तो विनोद माझ्या डोक्यावर केस होते तेव्हापासून ऐकतोय. लुकासच्या सामानाची जेवढी दुरुस्ती केली त्यातलं बहुतेक सगळं अर्थ, सैल लग किंवा मध्येच कुणीतरी पिळून चिकटपट्टी लावलेली वायर याच भानगडीतलं होतं. सत्तर वर्षं पावसात उभं राहून आपण किती उजेड पाडला असता याचा विचार करा.

उचापती:
काका, मी कोरड्यातही पाडत नाही.

दोन_स्ट्रोक:
थोडं अवांतर. माझ्याकडे व्हिलियर्स इंजिनाची छोटी गाडी आहे, तिला बॅटरीच नाही. फ्लायव्हील मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) कॉइलवरून थेट एसी वीज दिव्याला जाते. उभी असताना काजवा, पळवली की लख्ख. अशा गाडीला जास्त वॅटचा बल्ब लावला तर नुसता मंद जळतो. कमी वॅटचा लावला तर वेगात उडतो, कारण तिथे व्होल्टेज आवरायला दुसरं काहीच नाही, बल्बचं ओझं हाच लगाम. म्हणून ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी या धाग्यातले वॅटचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. मागचा बल्ब उडाला की पाठोपाठ पुढचाही का उडतो, त्याचं उत्तरही हेच.

जुनेआबा:
तुमचं बरं चाललंय. आमच्या संग्रहात १९१४च्या सुमाराची एक गाडी आहे, तिला कार्बाइडचा दिवा. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे. वरची सुई थोडी सोडली की थेंब थेंब पाणी पडतं, ॲसिटिलीन तयार होतो, नळीतून बर्नरपाशी जातो आणि काडी ओढून पेटवायचा. ज्योत मात्र पांढरीशुभ्र! पाणी जास्त सुटलं तर ज्योत वाढते, खड्ड्यात गाडी आदळली तर विझते. परत आल्यावर खालचा चुन्याचा चिखल खरवडून धुवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दगड. व्होल्टेज ड्रॉप वगैरे काही नाही.

पेट्रोलदास:
आबा, डिपर कसा मारता? फुंकर?

जुनेआबा:
समोरच्याने मारायची.

चिकित्सक:
धाग्याची गाडी भरकटली आहे. रिफ्लेक्टरचं कुणी बोलेल का? माझ्याकडे याच काळातला रिफ्लेक्टर आहे, पण आरसा काळा पडलाय. क्रोम करून घेऊ का? रिंग टाकणारच आहे क्रोमला, त्याच्याबरोबर होऊन जाईल.

बोल्टेश्वरी:
रिंगला क्रोम, रिफ्लेक्टरला कधीच नाही! क्रोम डोळ्याला चकचकीत दिसतं, पण प्रकाश साठ-पासष्ट टक्केच परत फेकतं. ॲल्युमिनियम नव्वदच्या जवळपास, चांदी त्याहून जास्त. तुमच्या ३० वॅटमधला तिसरा हिस्सा क्रोममध्येच मुरेल.

जुने रिफ्लेक्टर चांदीचा मुलामा दिलेले असत. आता निर्वात भांड्यात ॲल्युमिनियमचा थर चढवणारे लोक आहेत, दुर्बिणीचे आरसे आणि शोभेच्या वस्तू करणारेही हे काम करतात. पत्र्यावरचा गंज काढून, गुळगुळीत लाखेचा थर देऊन मग ॲल्युमिनियम चढवतात. आधीचे खड्डे झाकले जात नाहीत, ते आरशात उमटतात. तेव्हा काम देण्याआधी पत्रा स्वतः हाताळून बघा.

आणि चढवून आल्यावर बोट लावायचं नाही. कापूस नाही, पॉलिश नाही, मऊ कापडही नाही. धूळ बसली तर ऊर्ध्वपातित पाण्याने धुवून उलटा ठेवायचा, आपोआप वाळू द्यायचा.

खटपट्या:
क्रोमबद्दल असहमत. मी एका गाडीचा क्रोम केला होता, मला तर छान उजेड पडतो.

बोल्टेश्वरी:
आधी काळा होता ना? काळ्यापेक्षा क्रोम बराच. तुलना नव्या ॲल्युमिनियमशी करून बघा, शेजारी शेजारी दोन गाड्या लावून.

खटपट्या:
दुसरी गाडी घ्यायला घरून परवानगी मिळाली की कळवतो.

रानवारा:
फोटो टाकले आहेत. मापं अशी : डूमचं तोंड उभं-आडवं मिळून दोन मिलिमीटरचा फरक दाखवतंय. सात इंचाची तबकडी बसेल असं दिसतंय, पुठ्ठ्याची १७८ची चकती डूमवर रिंग बसते त्या खाचेत जाते. ॲमीटरवर खरंच ८-०-८ छापलंय. एका जुन्या खोक्यात एक होल्डर सापडला : गोल पितळी टोपी, आत दोन स्प्रिंगवाली टोकं, पिळून बसते. हा कशाचा?

आणि सौदामिनीताई, मीटर लावला. लाइव्ह बाजूला ०.५, अर्थ बाजूला ०.८!

सौदामिनी:
म्हणजे ६ व्होल्टमधले १.३ वाटेतच खर्च. साध्या बल्बच्या हिशेबाने तुमचा दिवा निम्म्याहूनही कमी ताकदीने जळतोय. बल्ब सोडा, आधी ती अर्थची वायर.

तारकाका:
तो होल्डर बीपीएफचा, म्हणजे ब्रिटिश प्री-फोकस. जपून ठेवा. त्याआधीच्या दिव्यांत होल्डर पुढे-मागे सरकवून फोकस हाताने जुळवावा लागे. प्री-फोकस बल्बला गोल चकतीसारखी कड असते, तिला एक खाच असते, ती बसली की फिलामेंट आपोआप योग्य जागी येते. तुम्हाला लागणारा बल्ब लुकासच्या यादीत ३१२ या नंबरने येतो, ६ व्होल्ट ३०/२४. तो आजही नवा बनतो.

म्हणजे आता तुम्हाला हवंय : सात इंची बीपीएफ रिफ्लेक्टर-काच, शक्यतो पायलट दिव्याच्या (छोट्या पार्किंग दिव्याच्या) भोकासह, एक रिंग, आणि रिंगमध्ये तबकडी धरणाऱ्या डब्ल्यूच्या आकाराच्या तारेच्या क्लिपा. क्लिपा विसरू नका. सगळं जमलं आणि क्लिपा नाहीत म्हणून रखडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

एच४चा रिफ्लेक्टर का नको याचं वीज सोडून आणखी एक कारण सांगतो. तुमच्या डूममध्ये ॲमीटर आणि स्विच आहेत, त्यांचे पाय आणि वायरींची गुंडाळी खाली लोंबते. एच४चा बल्ब, त्याचं रबरी बूट आणि तीन पायांचा प्लग मिळून मागे बरंच बाहेर येतात. बऱ्याच जणांची रिंग शेवटच्या अर्ध्या इंचाला अडते, मग ते दाबून बंद करतात, आणि एखाद्या दिवशी ॲमीटरचा पाय प्लगला घासून धूर निघतो.

निशाचर:
हे मात्र मान्य. माझ्या गाडीला वेगळा स्पीडोमीटर आहे, डूम रिकामा, म्हणून मला ही अडचण आली नाही. ६ व्होल्टचा ३५/३५चा एच४ मिळतो तो बघा म्हणणार होतो, पण बूड तेवढंच लांब असणार. बीपीएफच्याच बुडाचे हॅलोजन बल्बही येतात, तो पर्याय आहे.

मूळमालक:
शेवटी मूळ होल्डरवरच आले ना सगळे. :)

निशाचर:
होल्डरवर आलोय, वर्षभर थांबण्यावर नाही.

परदेशी_पाहुणा:
रिफ्लेक्टर-काच बाहेरच्या देशातून मागवणार असाल तर एक बघा. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवणाऱ्या देशांची काच वेगळी, उजव्या बाजूने चालवणाऱ्यांची वेगळी. डिपरचा झोत आपल्या बाजूच्या कडेला थोडा वर उचललेला असतो. चुकीची काच लावली तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत.

नंतरच्या काळातल्या काचांवर गोलात ई आणि आकडा असतो, तो मान्यता देणाऱ्या देशाचा : १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ११ ब्रिटन. देशाच्या आकड्यावरून बाजू ठरवू नका, बाण बघा. समोर उभं राहून पाहिल्यावर बाण उजवीकडे असेल तर ती डावीकडून चालवणाऱ्यांसाठी. दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हींना चालते. बाणच नसेल तर उजवीकडून चालवणाऱ्यांची. ही पद्धत १९५८च्या करारानंतरची, त्यामुळे १९५१च्या अस्सल काचेवर यातलं काहीच सापडणार नाही. तिथे भिंतीवर झोत पाडूनच कळेल.

चिकित्सक:
मोटरसायकलच्या बऱ्याच दिव्यांचा डिपर दोन्ही बाजूंना सारखाच असतो ना?

परदेशी_पाहुणा:
हो, बऱ्याच. पण रानवारा सात इंची घेतोय, त्यात मोटारींचे दिवे मिसळून विकले जातात. म्हणून सांगितलं.

हौशी_हात:
एवढी चर्चा कशाला, बीपीएफच्या बुडाचा एलईडी टाका. १० वॅट खातो, डायनॅमो खूश, बॅटरी खूश.

सौदामिनी:
वीज वाचते हे खरं. पण रिफ्लेक्टर एका बारीक फिलामेंटसाठी घडवलेला आहे, ते जिथे असतं तिथेच प्रकाश उगम पावतो असं धरून. एलईडीचा तुकडा मोठा आणि बहुतेकदा दोन बाजूंना. फिलामेंटच्या जागी नेमका बसवलेला एलईडी असेल तर झोत चालण्याजोगा पडतो, नसेल तर झाडांच्या शेंड्यांवर उजेड आणि रस्ता काळा.

शिवाय रानवारा, तुमची गाडी मुळात पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला. बल्बचं पितळ पॉझिटिव्हला जोडलं जातं. साध्या बल्बला त्याचं काही देणंघेणं नसतं, पण एलईडीला असतं. घ्यायचाच तर पॉझिटिव्ह अर्थला चालणारा किंवा दोन्ही बाजूंनी चालणारा असं स्पष्ट लिहिलेला घ्या.

रानवारा:
थांबा थांबा. मी आता बघितलं, माझ्या बॅटरीचं निगेटिव्ह टोक फ्रेमला आहे!

गंजलेला_नट:
प्लास्टिकच्या दिव्यावाल्या महाशयांचं काम असणार. त्यांनी आत एलईडी टाकलाय का बघा.

रानवारा:
टाकलाय. :(

पेट्रोलदास:
गुन्हेगार सापडला. हेतूही सापडला.

तारकाका:
घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. निगेटिव्ह अर्थवरही डायनॅमो चालतो, फक्त त्याला तसं शिकवावं (म्हणजे त्याच्यातलं चुंबकत्व त्या दिशेचं करून घ्यावं) लागतं, आणि त्या माणसाने ते केलेलं दिसतंय, नाहीतर चार्जिंगच झालं नसतं. मॅग्नेटोचा यात संबंध नाही, ठिणगी स्वतंत्र आहे.

परत मूळ पद्धतीवर आणायचं तर : रेग्युलेटर (डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा) जुना, कॉइल आणि पातींचा असेल तर ठीक. कुणी इलेक्ट्रॉनिक टाकला असेल तर त्यावर पॉझिटिव्ह अर्थ लिहिलंय का ते आधी बघा, नाहीतर क्षणात जळेल. डायनॅमोच्या दोन्ही वायरी सोडा. बॅटरीचं पॉझिटिव्ह फ्रेमला जोडा. मग बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरून एक वायर डायनॅमोच्या एफ टोकाला क्षणभर टेकवून काढा, एखादी बारीक ठिणगी उडेल. दोनदा-तीनदा टेकवली की झालं. नंतर वायरी परत जोडा, डी आणि एफ उलट होऊ देऊ नका.

वाटसरू:
वाचनखूण साठवली. माझ्याकडे ना बीएसए, ना गॅरेज, तरी अख्खा धागा वाचला.

बोल्टेश्वरी:
रानवारा, माझ्याकडे सात इंची रिंग पडून आहे. वरचा स्क्रू शाबूत, क्रोम खालच्या बाजूला उठलंय. गंज आरपार नाही. तुमची पुठ्ठ्याची चकती आणि तिच्यावर डूमच्या कडेचा आकार पेन्सिलने काढून पाठवा, रिंग लावून बघते. बसली तर तुमची.

मूळमालक:
रिंगवर लुकासचं नाव आहे?

बोल्टेश्वरी:
आहे, गंजाच्या खाली.

रानवारा:
बोल्टेश्वरीताई, चकती आजच पाठवतो. काय बोलू!

खटपट्या:
तिला क्रोम करून द्या हं. रिंगला. :)

रानवारा:
अपडेट देतोय. रिंग बसली. डूम गोल करून घेतला. तबकडी शेवटी नव्याने बनवलेलीच घेतली, बीपीएफ बुडाची, पायलटच्या भोकासह, काचेला बाक असलेली. मूळमालक, क्षमस्व, जुनी मिळाली की ती लावेन. बल्ब ३१२ नंबरचा. डूमपासून फ्रेमला वेगळी अर्थ वायर टाकली आणि डिपरच्या स्विचचे पॉइंट घासले. आता घट लाइव्ह बाजूला ०.२, अर्थ बाजूला जवळजवळ शून्य. निशाचर, उजेड ३० वॅटचाच आहे, पण बैल दिसेल.

निशाचर:
आणि तुम्हाला बैल दिसला तरी ब्रेक बीएसएचेच.

मूळमालक:
बाक असलेली घेतलीत ना, मग ठीक. फोटो टाका, रेघा बघतो.

सौदामिनी:
छान! आता झोत जुळवून घ्या. सपाट जमिनीवर भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा, स्टँडवर नाही, तुम्ही बसलेले असताना. दिव्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खूण करा. अप्परचा सगळ्यात तेजस्वी ठिपका त्या खुणेवर किंवा किंचित खाली हवा. कानांचे बोल्ट सैल करून डूम वर-खाली करा. मागे कुणाला बसवून चालवणार असाल तर त्यांनाही बसवूनच बघा, मागचं बूड दबलं की झोत वर जातो.

दोन_स्ट्रोक:
प्लंजर सस्पेंशन (मागच्या चाकाला स्प्रिंग) आहे की मागे घट्ट फ्रेम? घट्ट असेल तर एवढा फरक पडणार नाही.

रानवारा:
प्लंजर. बायकोला बसवून जुळवला. तिचं म्हणणं, एवढ्यासाठी मला रात्री अंगणात बसवलंस?

एक शेवटची शंका. पॉझिटिव्ह अर्थ करून, डायनॅमोला तारकाकांनी सांगितल्याप्रमाणे शिकवून सगळं जोडलं. दिवा उत्तम. पण आता ॲमीटर उलटा दाखवतोय. इंजिन बंद ठेवून दिवा लावला की काटा चार्जकडे जातो.

तारकाका:
मागच्या महाशयांनी निगेटिव्ह अर्थ करताना ॲमीटरच्या वायरीही उलटवल्या असणार. ॲमीटरच्या मागच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावा. आधी बॅटरीचं टोक सोडा, आणि नट आवळताना मागून पाय धरून ठेवा, नाहीतर आतली पट्टी फिरते.

रानवारा:
झालं. काटा बरोबर डिसचार्जकडे जातोय, आणि इंजिनचा वेग वाढवला की दिवा चालू असतानाही मध्याच्या थोडा पुढे येऊन थांबतो.

दोन_स्ट्रोक:
आता माझ्या व्हिलियर्सचा होल्डर कुणाकडे आहे का?